भिंतीला बांधलेलं कपाटही पडतं: लहान मुलांच्या घरात फर्निचर पक्कं करण्याची पूर्ण पद्धत

कपाटाच्या मागे एक पट्टी मारलेली असते, भिंतीत स्क्रू दिसत असतो आणि घरातले निर्धास्त असतात. अशा कपाटाचा वरचा काठ दोन्ही हातांनी धरून पुढे ओढला की बरेचदा तीनपैकी एक गोष्ट घडते. कपाटाची पातळ पाठ फाटते आणि स्क्रू तिच्या तुकड्यासकट हातात येतो. किंवा भिंतीतला प्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी नळी, गिलाव्याचा ढलपा घेऊन बाहेर पडतो. किंवा कपाट चार बोटं पुढे झुकतं आणि मग हिसका देऊन थांबतं. तिन्हींचा अर्थ एकच: ते कपाट बांधलेलं नाही.

पकड तीन ठिकाणी हवी: फर्निचरच्या सांगाड्यात, मधल्या पट्ट्यात आणि भिंतीच्या गाभ्यात. तिन्हींपैकी जी सगळ्यात कच्ची, तेवढीच एकूण बांधणीची ताकद. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका, कारण बऱ्याच चुका भिंतीला आधी भोक पाडल्याने होतात.

## आधी हिशेब: पंधरा किलोचं मूल तीस किलोचं कपाट कसं पाडतं

ड्रॉवरचं एक कपाट धरा. सामानासकट वजन ३० किलो, खोली (पुढून मागे) ४० सेंमी. वजन साधारण मधोमध, म्हणजे पुढच्या पायांपासून २० सेंमी मागे. त्याला जागेवर धरून ठेवणारा जोर (वजन × अंतर) झाला ३० × २० = ६००. भरलेला एक ड्रॉवर ५ किलोचा; तो ३० सेंमी बाहेर ओढला की या जोरातले १५० कमी होतात. तीन ड्रॉवर उघडले की उरतात १५०.

आता १५ किलोचं मूल उघड्या ड्रॉवरच्या पुढच्या कडेवर पाय देऊन चढतं. १५ × ३० = ४५०. कपाट पुढे येणारच. दहा किलोचं मूल असतं तरी ३०० झाले असते, तेही पुरे. आणि एकच ड्रॉवर उघडा असेल तर? शिल्लक ४५०, मुलाचे ४५०. म्हणजे कपाट अगदी काठावर, आणि मूल जरा मागे रेललं की गेलं.

याच आकड्यांतून पट्टा कुठे हवा तेही कळतं. तीन ड्रॉवर उघडे आणि १५ किलोचं मूल, या स्थितीत ३०० चा जोर कमी पडतो. पट्टा जमिनीपासून १०० सेंमीवर असेल तर त्याच्यावर फक्त ३ किलोची ओढ येते. ३० सेंमीवर लावला तर तीच ओढ १० किलो. म्हणून पट्टा नेहमी वर, शक्य तितका वरच्या काठाजवळ. मात्र हे आकडे सावकाश लागलेल्या ओढीचे आहेत. पट्टा सैल असेल तर कपाट आधी वेग घेतं आणि मग हिसका देतं. तेव्हाची ओढ याच्या कितीतरी पट असते. ढिला पट्टा आणि गिलाव्यातला प्लग एकत्र आले की पट्टा असून नसल्यासारखाच.

## टप्पा १: घरभर फिरून यादी करा

कपाटं आणि टीव्ही सगळ्यांना आठवतात. विसरतात ती ही:

- ड्रॉवर असलेलं कुठलंही बुटकं फर्निचर. कमरेच्या खाली आहे म्हणून ते सुरक्षित नसतं. अमेरिकेत २०२३ पासून लागू असलेल्या कपड्यांच्या कपाटांच्या मानकात २७ इंच, म्हणजे साधारण ६९ सेंमी उंचीपासूनच पडण्याची कसोटी लावली जाते.
- अरुंद, उंच शू-रॅक आणि पुस्तकांचे रॅक. खोली २५–३० सेंमीच असल्याने हे ड्रॉवर नसतानाही पडतात.
- एकावर एक ठेवलेलं दोन भागांचं कपाट. वरचा भाग खालच्याला बोल्टने जोडलेला नसतो, आणि पडतो तो एकटाच.
- जमिनीवर उभा केलेला ओव्हनचा स्टोव्ह. खाली उघडणाऱ्या दारावर मूल उभं राहिलं की स्टोव्ह पुढे झुकतो आणि वरचं उकळतं भांडं आधी येतं.
- चाकांची ट्रॉली, फिश टँकचं स्टँड, पाण्याच्या टाकीची तिवई.
- भिंतीला नुसत्या टेकवून ठेवलेल्या वस्तू: मोठा आरसा, घडीचं टेबल, जास्तीची गादी, काचेचा तुकडा, इस्त्रीचा बोर्ड. यांना पट्टा वगैरे काही नको. त्या आडव्या ठेवा किंवा मुलांच्या खोलीतून बाहेर काढा.

प्रत्येक वस्तूचा वरचा काठ एका हाताने हलकेच पुढे ओढून बघा. जी सहज झुकते ती यादीत सगळ्यात वर. त्यानंतर मूल जिथे एकटं असतं त्या खोल्या घ्या. दुपारची झोप झाल्यावर मूल आवाज न करता उठतं, म्हणून बैठकीच्या खोलीआधी झोपण्याची खोली.

तपासा: पलंगाला, सोफ्याला किंवा खिडकीला लागून असलेलं कपाट आधी दुसरीकडे हलवता येतंय का? मुलाला तिथे चढायला आयती पायरी मिळते. हलवायचं असेल तर आत्ताच, भोक पाडल्यावर नाही.

## टप्पा २: ड्रिल येईपर्यंत आज काय कराल

सामान आणायला, कामगार मिळायला चार दिवस जातात. तेवढ्यात हे करून ठेवा. वरच्या ड्रॉवरमधलं जड सामान सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये घाला. कपाटावर ठेवलेली खेळणी, खाऊचा डबा, रिमोट, मोबाइल खाली घ्या. मूल चढतं ते बहुधा यांच्यासाठीच. टीव्ही उंच स्टँडवर असेल तर बुटक्या, रुंद, ड्रॉवर नसलेल्या टेबलावर आणा आणि त्याच्याखालचं कापड काढा, कारण मूल ते ओढतं. सगळ्यात डळमळीत कपाट ज्या खोलीत आहे तिचं दार बंद ठेवा.

ड्रॉवरना चाइल्ड लॉक लावलं तर चांगलंच. पण ते भिंतीच्या पकडीऐवजी नाही. कुलूप निसटतं, कधी मोठी माणसं लावायला विसरतात, आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांना ते उघडताही येतं.

## टप्पा ३: भिंत कशाची आहे ते ओळखा

सामान विकत घेण्याआधी हे ठरवायचं, कारण प्लग भिंतीप्रमाणे बदलतो. बोटाच्या पेराने भिंत वाजवा. ठोस, बसका आवाज आला तर वीट किंवा काँक्रीट. पोकळ, ढोलासारखा आवाज आला तर बोर्डाची पार्टिशन भिंत. खात्री नसेल तर कपाटामागे झाकली जाईल अशा जागी ५ मिमीचं एक चाचणीचं भोक पाडा आणि खाली पांढरा कागद धरून पडणारी पूड बघा. पूड भिंतीबद्दल खरं सांगते.

- आधी राखाडी किंवा पांढरी, मग लाल: गिलावा संपून भाजलेली वीट लागली. उत्तम भिंत. लाल पूड कितव्या मिलिमीटरला सुरू झाली ते लिहून ठेवा. तीच गिलाव्याची जाडी, साधारण १२ ते २० मिमी.
- शेवटपर्यंत राखाडी, आणि बिट कष्टाने आत जातं: काँक्रीट. पकड सगळ्यात चांगली, फक्त मध्येच सळई लागू शकते. लागली तर जोर करू नका. ४–५ सेंमी बाजूला सरका.
- शेवटपर्यंत राखाडी, पण बिट लोण्यात गेल्यासारखं: दोन विटांमधला सांधा. इथे प्लग टिकत नाही. वर किंवा खाली सरका.
- पांढरट-करडी, हलकी, भुसभुशीत पूड: एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक. ड्रिलचा हॅमर (ठोके मारण्याची सोय) बंद करून साध्या फिरत्या गतीने भोक पाडायचं आणि अशा ब्लॉकसाठीचे खास लांब प्लग वापरायचे. साधा छोटा प्लग आधी घट्ट वाटतो आणि महिन्याभरात फिरायला लागतो.
- बिट एकदम आत घुसतं: पोकळ ब्लॉक. लांब फ्रेम-प्लग, किंवा जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारा रासायनिक मसाला).
- पांढरी मऊ पूड, १२ मिमीनंतर पोकळी: जिप्सम बोर्ड. नुसत्या बोर्डात काहीही बसवू नका. आतला उभा सांगाडा शोधा. तो बहुधा ४० किंवा ६० सेंमी अंतरावर असतो. लहान चुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवलं की बोर्डाचे स्क्रू उभ्या ओळीत सापडतात, आणि तीच सांगाड्याची रेघ. सांगाडा लाकडी असेल तर ५० मिमीचा लाकडाचा स्क्रू थेट त्यात. पत्र्याचा असेल तर टॉगल बोल्ट, म्हणजे आत गेल्यावर मागे पंख उघडणारा बोल्ट.

भिंत ओलसर असेल, गिलावा वाजवल्यावर भदभद आवाज देत असेल, तर तिथे कितीही महागडा प्लग घाला, तो सुटणार. कपाट दुसऱ्या भिंतीला लावा.

सावधान: स्विच, सॉकेट आणि दिवे यांच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायर असते असंच धरून चाला. दोन्ही बाजूंनी किमान १५ सेंमी सोडा. भिंतीपलीकडे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघराचा नळ असेल तर पाइप कुठून गेला आहे ते कळल्याशिवाय ड्रिल लावू नका. वायर आणि पाइप दाखवणारं शोधयंत्र मिळालं तर घ्या, पण त्याने काही दाखवलं नाही म्हणजे काही नाहीच, असं नसतं.

## टप्पा ४: सामान

एका कपाटासाठी, विटेची भिंत धरून:

- पट्टे २. विणलेले नायलॉनचे बकलवाले, किंवा लोखंडी ब्रॅकेट आणि तारदोरीचे. पातळ प्लास्टिकच्या बंधाचे नकोत. प्लास्टिक काही वर्षांत ठिसूळ होतं आणि तुटताना आधी कळत नाही.
- नायलॉनचे प्लग, ८ × ५० मिमी, लागतील २, घ्या ४.
- स्क्रू ५ × ८० मिमी, तेवढेच. डोकं ब्रॅकेटच्या भोकातून आरपार जाता कामा नये. जात असेल तर मोठा वायसर लावा.
- फर्निचरसाठी: १८ मिमी फळीत १६ मिमीचे स्क्रू, किंवा आरपार बोल्ट, नट आणि २५ मिमीचे वायसर.
- हॅमरची सोय असलेलं ड्रिल मशीन, ८ मिमीचं काँक्रीट बिट, लाकडासाठी ३ मिमीचं बिट.
- पाणसळ, पेन्सिल, चिकटपट्टी, मोजपट्टी, डोळ्यांत पूड जाऊ नये म्हणून सुरक्षा चष्मा, भोकातली पूड काढायला हातपंप किंवा व्हॅक्यूम.
- लाकडी पाचरी ४.

फर्निचरबरोबर पाकिटात आलेले प्लग आणि स्क्रू तुमच्या भिंतीसाठीचे असतीलच असं नाही. त्यातला पट्टा चांगला असेल तर वापरा, भिंतीकडचा स्क्रू मात्र आपला घ्या. दुतर्फा चिकटपट्टी आणि गोंदावर चालणारे पट्टे रंगाच्या थराला चिकटतात. रंग भिंतीला जेवढा धरून आहे तेवढीच त्यांची पकड, म्हणजे फारशी नाहीच.

## टप्पा ५: कपाट रिकामं करा, जागेवर बसवा, लेव्हल करा

पूर्ण रिकामं करा, ड्रॉवरही काढून ठेवा. भरलेलं कपाट पुढे-मागे सरकवताना ते मोठ्या माणसावरही पडतं. मूल घराबाहेर किंवा दुसऱ्या माणसाजवळ असू द्या.

कपाट कायमच्या जागी ठेवा आणि वरच्या फळीवर पाणसळ आडवी आणि उभी ठेवून बघा. पुढे झुकत असेल तर पुढच्या पायांखाली पाचरी सारा. अगदी सरळ किंवा केसभर मागे रेललेलं हवं. गालिचावर कपाट असेल तर पुढचे पाय भाराने रुततात, म्हणून गालिचा बाजूला करणंच बरं. तो जमिनीला चिकटवलेला असेल तर पुढच्या दोन्ही पायांखाली एक सलग पट्टी ठेवा.

खाली स्कर्टिंग असल्याने कपाट भिंतीपासून एक-दोन सेंमी पुढे राहतं. ही फट पट्ट्याला चालते, एल-ब्रॅकेटला नाही. एल-ब्रॅकेट लावायचा असेल तर फटीच्या जाडीचा लाकडी ठोकळा मध्ये घाला. ब्रॅकेट वाकवून बसवू नका. वाकलेला ब्रॅकेट ओढीने सरळ होतो आणि तेवढी ढिलाई तयार होते.

दोन भागांचं कपाट असेल तर आता, भिंतीकडे वळण्याआधी, वरचा भाग खालच्याला निदान दोन बोल्टनी जोडा. भिंतीचे पट्टे वरच्या भागाला लावायचे.

## टप्पा ६: फर्निचरच्या बाजूची पकड

सर्वात जास्त फसतं ते इथे. कपाटाची पाठ बहुतेक वेळा ३ ते ६ मिमीची असते, खिळ्यांवर किंवा खाचेत बसवलेली. ती धूळ अडवायला असते, भार घ्यायला नाही. स्क्रू तिच्यात कधीही नको.

प्लाय किंवा लाकूड: वरच्या फळीच्या मागच्या काठात, किंवा मागे वरून आडवी गेलेली जाड पट्टी असेल तर तिच्यात. जाडी कुठे आहे हे कळत नसेल तर ड्रॉवर काढलेल्या जागेतून हात घालून चाचपा. ३ मिमीचं मार्गदर्शक भोक पाडा, मग स्क्रू. दोन पट्टे, दोन टोकांना, बाजूच्या फळ्यांपासून ५–८ सेंमी आत. मधोमध एकच पट्टा लावला तर कपाट त्याच्याभोवती पिळतं आणि एका कोपऱ्यावरून पुढे येतं.

पार्टिकल बोर्ड: हा भुसा दाबून केलेला असतो आणि त्यात स्क्रू एकदाच नीट बसतो. काढून पुन्हा त्याच भोकात घातला की पकड गेली. स्क्रू-ड्रायव्हरने हातानेच घट्ट करा. मशीनने शेवटचा अर्धा फेरा जास्त झाला तर आतले आटे भुगा होतात आणि स्क्रू नुसताच फिरत राहतो. असं झालं तर त्या भोकात आगकाड्या आणि गोंद भरत बसू नका. फळीतून आरपार ५ मिमीचं भोक पाडा आणि दोन्ही बाजूंना मोठे वायसर देऊन बोल्ट घाला. खरं तर पार्टिकल बोर्डाला सुरुवातीपासूनच बोल्ट लावावा. आतून नट दिसतो, ड्रॉवरला अडत नसेल तर दिसू द्या.

लोखंडी कपाट: पत्रा पातळ असतो, त्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत. इथे फक्त आरपार बोल्ट. मागच्या पत्र्यात, वरून ५–१० सेंमीवर, दोन्ही कोपऱ्यांजवळ पत्रा दुमडलेला असतो तिथे धातूच्या बिटने ६.५ मिमीचं भोक, त्यात ६ मिमीचा बोल्ट, आत-बाहेर दोन्हीकडे २५–३० मिमीचे वायसर. भोक पाडण्याआधी आतून बघा: बोल्ट तिजोरीच्या कप्प्यात किंवा हँगरच्या दांडीवर येत नाही ना. भोकाची धार कानशीने घासा, लोखंडाचा कीस झाडून घ्या आणि उघड्या काठाला रंग लावा, नाहीतर तिथूनच गंज धरतो. नट आतून येतो; त्याच्यावर टोपी किंवा जाड टेप लावा, कपडे अडकतात.

तपासा: ब्रॅकेट बसवून झाल्यावर दुसऱ्या माणसाने कपाट धरून ठेवावं आणि तुम्ही पट्टा हाताने जोरात ओढा. ब्रॅकेटच्या कडेला फट दिसली किंवा फळी कुरकुरली तर इथेच थांबा. भिंतीला पट्ट्याचं भोक अजून पडलेलं नाही, जागा बदलणं सोपं आहे.

## टप्पा ७: भिंतीतली पकड

कपाट जागेवर असतानाच, पट्टा सरळ धरून, भिंतीवर पेन्सिलने खूण करा. फर्निचरवरचा ब्रॅकेट आणि भिंतीवरचा ब्रॅकेट साधारण एका उंचीवर हवेत. मग कपाट बाजूला करा. भिंतीच्या कोपऱ्यापासून किंवा दाराच्या चौकटीपासून १० सेंमीच्या आत भोक नको, कड फुटते.

लांबीचा हिशेब असा. गिलावा २० मिमी असेल तर ५० मिमीचा प्लग पृष्ठभागाशी नाही, गिलाव्याच्या पलीकडे, पूर्ण विटेत जायला हवा. म्हणजे २० + ५० = ७०, आणि टोकाला पुडीसाठी व स्क्रूच्या टोकासाठी १५. भोक ८५ मिमी. स्क्रू ८० मिमीचा, त्यातले ३–५ मिमी ब्रॅकेटच्या जाडीत जातात. तुमचा गिलावा १२ मिमी असेल तर सगळंच ८ मिमीने कमी; म्हणून आधी चाचणीचं भोक पाडून घेतलं.

अर्ध्या विटेच्या पार्टिशन भिंतीत ८५ मिमी जास्त होतं का ते मोजा. दाराच्या चौकटीत भिंतीची एकूण जाडी दिसते. ११ सेंमीहून कमी असेल तर ४० मिमीचा प्लग घ्या आणि शेवटचे दोन सेंमी हॅमर बंद करून जा, नाहीतर पलीकडच्या खोलीत गिलावा सुटतो.

१. बिटवर ८५ मिमीवर चिकटपट्टीची खूण करा.
२. खुणेवर मोठ्या खिळ्याने छोटा खळगा पाडा, बिट सरकत नाही.
३. गिलाव्यातून हॅमर न लावता जा. वीट लागली की हॅमर.
४. मशीन भिंतीला काटकोनात आणि स्थिर धरा. हलवलं की भोक शंकूसारखं होतं, आणि शंकूत प्लग धरत नाही.
५. पूड पूर्ण काढा. हा भाग सगळे टाळतात. पूड राहिली तर प्लग अर्ध्यातच अडतो, मग तो ठोकून बसवला जातो आणि आत चुरगळतो.
६. प्लग हाताने सरकवा, मग हातोडीने हलके ठोके. सैल जात असेल तर भोक मोठं झालं आहे. त्यात कागद, काडी, सिमेंट काही भरू नका. एक आकार मोठा प्लग घ्या किंवा ५ सेंमी बाजूला नवं भोक पाडा.
७. प्लग जाडसर खिळ्याने गिलाव्याच्या पलीकडे ढकला, मग स्क्रू फिरवा, हाताने. शेवटचे फेरे जड गेले पाहिजेत. सहज फिरला तर पकड नाही.

सावधान: प्लग स्क्रूबरोबर गरगर फिरत असेल तर तो «अजून थोडा घट्ट करून» बसत नाही. काढा आणि पुन्हा करा.

## टप्पा ८: पट्टा ताणणं, मग ओढून पाहणं

कपाट जागेवर आणा, पट्टा बकलमधून घाला आणि ताणा. बोटाने दाबल्यावर पट्टा जेमतेम हलावा. दोन्ही पट्टे सारखे ताणलेले हवेत. एक ढिला राहिला तर सगळा भार दुसऱ्यावर जातो. बकलमधून उरलेलं टोक किमान ५ सेंमी ठेवा आणि गाठ मारून घ्या. लोंबणारं लांब टोक मात्र कापा, मुलाच्या गळ्याशी जाऊ शकतं.

आता कसोटी, कपाट रिकामं असताना. ड्रॉवर परत घाला, सगळे एकदम उघडा. वरच्या काठाला दोरी बांधून सामान तोलायच्या हाताच्या काट्याने २०–२५ किलोपर्यंत सावकाश पुढे ओढा, दहा सेकंद धरा. समोर उभं राहू नका. बाजूला उभं राहून ओढा. कपाट एक सेंमीहून जास्त झुकलं, करकरलं किंवा भिंतीतून पूड पडली, तर काम पुन्हा.

मुलाला चढवून कधीही बघू नका, गंमत म्हणूनही नाही. एकदा चढू दिलं की ते चढतच राहील.

दुसऱ्या दिवशी स्क्रू आणि पट्टा पुन्हा ताणून घ्या. नवा नायलॉन पट्टा पहिल्या दिवसात थोडा लांबतो.

## टप्पा ९: टीव्ही आणि ओव्हन

टीव्हीसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे भिंतीवरचा माउंट. तो बसवायला टप्पा ३ आणि ७ जसेच्या तसे, फक्त प्लग चार. स्टँडवर ठेवायचाच असेल तर टीव्हीच्या पाठीमागे माउंटसाठी चार आटेदार भोकं असतात. वरच्या दोन भोकांत पट्टे लावा. बोल्ट टीव्हीच्या आकाराप्रमाणे ४, ६ किंवा ८ मिमीचे लागतात. लांबी माहितीपुस्तिकेतून घ्या. जास्त लांब बोल्ट आत जाऊन पडदा खराब करतो. पट्टे भिंतीला बांधायचे. स्टँडला बांधले आणि स्टँड भिंतीला बांधलेला नसेल, तर मुलावर दोन्ही एकदम येतील.

जुना, मागे पेटी असलेला टीव्ही घरात असेल तर त्याचं वजन काचेच्या बाजूला, म्हणजे पुढे असतं. तो पट्ट्याने पुरेसा सुरक्षित होत नाही. काढून टाका.

उभ्या ओव्हन-स्टोव्हबरोबर मागच्या पायाला अडकवायचा ब्रॅकेट येतो. बसवणारा तो बरेचदा पाकिटातच ठेवून जातो. स्टोव्ह थंड असताना, बंद दाराची मूठ धरून पुढे ओढा. मागचे पाय उचलले गेले तर ब्रॅकेट बसलेला नाही.

## टप्पा १०: सामान परत भरताना

जड सगळं खाली: पुस्तकं, चादरी, जीन्स. वर हलकं. मुलाला हवं असलेलं काहीही वर नको, अगदी वरच्या फळीवरची बाहुलीसुद्धा. मुलाचे कपडे, खेळणी सगळ्यात खालच्या खणात द्या म्हणजे चढायचं कारण राहत नाही. काही कपाटांत एक ड्रॉवर उघडा असताना दुसरा उघडतच नाही, अशी आतली सोय असते. कटकट वाटते म्हणून ती पट्टी काढू नका. ड्रॉवर शेवटी अडवणारा खुंटाही तसाच ठेवा.

## भाड्याच्या घरात

मालकाला विचारताना «भिंतीला भोकं» म्हणू नका. किती, केवढी आणि निघताना कशी भरून देणार ते सांगा: दोन कपाटं, आठ मिमीची चार भोकं, सोडताना पुट्टी आणि रंग. एवढ्याला बहुतेक जण हो म्हणतात. नकारच आला तर चिकटपट्टीवर समाधान मानू नका. उंच कपाट वापरायचं नाही, एवढाच पर्याय उरतो: बुटकं आणि रुंद घ्या, ड्रॉवरऐवजी उघडे कप्पे, किंवा उंच रॅक आडवा करून वापरा. जे हलवता येत नाही ते कडी लागणाऱ्या खोलीत.

## पुन्हा कधी तपासायचं

महिन्याने एकदा, मग दर सहा महिन्यांनी. याशिवाय कपाट झाडायला सरकवलं, घराला रंग दिला, भूकंपाचा धक्का बसला किंवा भिंतीला ओल आली की लगेच. रंगारी पट्टे सोडतात आणि परत लावत नाहीत. हे इतकं नेहमीचं आहे की रंगकामाच्या शेवटच्या दिवशी स्वतः बघा. तपासणी दोन मिनिटांची: वरचा काठ पुढे ओढणं, पट्ट्याच्या कडेला दोरे सुटलेत का ते बघणं, बकल घट्ट करणं. लोखंडी कपाटात बोल्टभोवती गंजाचा डाग आहे का तेही.

## पडलंच तर

कपाट सरळ वर उचला, ओढून काढू नका. छातीवर भार असेल तर श्वास काही मिनिटांतच थांबू शकतो, म्हणून आधी भार काढायचा, मग मदतीसाठी फोन. घरात दोघं असतील तर दोन्ही एकदम. मूल श्वास घेत असेल तर त्याची मान आणि पाठ हलवू नका. श्वास नसेल तर पुनरुज्जीवन (सीपीआर: छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा आणि फोनवरच्या माणसाच्या सूचना पाळा. मूल उठून खेळायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डोक्याला, पोटाला आतून लागलेलं लगेच दिसत नाही; उलट्या, अनावर झोप, पोट कडक होणं किंवा एका बाजूचा हात-पाय कमी हलणं दिसलं तर थेट रुग्णालयात.